काच झाकण्याचा इतिहास

आज आम्ही तुमच्यासमोर एक हरिकेन विमान घेऊन आलो आहोत. १:७२ प्रमाणातलं आहे, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर. वैमानिकाच्या डोक्यावर जे पारदर्शक झाकण असतं, कॅनपी म्हणतात तिला, तिच्या तावदानांवर पिवळ्या कागदी टेपचे तुकडे चिकटवलेले दिसतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाने हे काय आरंभलंय, असं काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतंय. थोडा धीर धरा.

विमानांच्या प्रतिकृती प्लॅस्टिकमध्ये करायला लागले ते ब्रिटनमध्ये, १९३६ साली, फ्रॉग पेंग्विन या नावाने. पण युद्धात ज्या प्रतिकृती लाखांनी झाल्या त्या लाकडाच्या. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख विमानं करून मागवली, तीही १:७२ प्रमाणातच. आपलं कोणतं, शत्रूचं कोणतं, हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावं म्हणून. ती सगळी काळी रंगवायची. कॅनपीसुद्धा काळी. आकृतीच तेवढी हवी होती. आत कोण बसलंय याच्याशी कर्तव्य नव्हतं. तेव्हा काच झाकायचा प्रश्नच आला नाही.

तो आला युद्धानंतर. एअरफिक्सने १९५३ मध्ये स्पिटफायर बाजारात आणलं, आणि हळूहळू खोक्यात पारदर्शक पॉलिस्टायरिनचा वेगळा तुकडा येणं ही नेहमीची गोष्ट झाली. मुलं ब्रशने चौकटी रंगवायची आणि तावदानांवर ओघळ यायचे, ते चालून जायचं. पुढे एअरब्रश आला. फवारा सगळीकडे सारखा बसतो, त्याला रेघ कळत नाही. मग जिथे रंग नको तिथे झाकणं आलं.

हीच अडचण मोटारवाल्यांना आधी आली होती. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत दोनरंगी गाड्यांची फॅशन होती. कारागीर वर्तमानपत्र खळीने किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीने लावायचे, आणि ओढून काढताना नवा रंगही सोबत निघायचा. थ्री-एमचा रिचर्ड ड्रू हा तरुण सँडपेपरचे नमुने घेऊन अशा एका कारखान्यात गेला होता. त्याने ती शिवीगाळ ऐकली, आणि १९२५ साली मास्किंग टेप तयार झाली. त्याचं डोकं कुठे चाललं बघा: घट्ट चिकटणारं काहीही मिळत होतं, याला हवं होतं ते बेताने चिकटणारं.

आमच्या हातातली पिवळी टेप मात्र जपानी घराण्यातली. कुराशिकीची कामोई ही कंपनी १९२३ साली निघाली ती माश्या पकडायच्या चिकट कागदासाठी. मास्किंग टेपकडे ती नंतर वळली. वाशी कागद पातळ असतो आणि तरी चिवट, वळणावर बसतो, सोडताना कुरकुरत नाही.

आता रीत सांगतो. टेप बसवायची, दातकोरणीने चौकटीच्या कडेला दाबायची. कड उजळून दिसली की कोऱ्या पात्याने त्या रेघेवरून कापायचं. पातं जुनं असेल तर ते जोर मागतं, आणि जोर लावला की काचेवर ओरखडा. मग आधी आतला रंग फवारायचा, त्यावर बाहेरचा, कारण काचेतून आत डोकावणाऱ्याला चौकटीची आतली बाजू दिसते. आपल्याकडे जास्वंदीशेजारी ठेवलेल्या स्फटिकाचा दृष्टान्त आहे ना? स्फटिक लाल दिसतो, लाल नसतो. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातही पूर्वपक्षी काच, अभ्रक, स्फटिक यांच्या पलीकडलं कसं दिसतं, असा पेच टाकतो. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पण पारदर्शक वस्तूकडे *पाहायचं* कसं ते या दोन इंचांच्या आतल्या तुकड्याने शिकवलं. एकदा सुपरग्लू वापरला आणि त्याच्या वाफेने आख्खी कॅनपी धुक्यासारखी पांढरी झाली. ती अजून ठेवली आहे.

चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड ही कंपनी आधीच कापलेले तुकडे विकते. आम्ही त्यावर बरीच वर्षं नाक मुरडलं. आता मुकाट घेतो. कारण डोळे.

आणि खरं म्हणजे आजचं व्याख्यान इथून सुरू व्हायला हवं होतं. हरिकेनची खरी कॅनपी काचेची नसे, पर्स्पेक्सची असे, अॅक्रिलिकची. १५ ऑगस्ट १९४० रोजी गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेनची कॅनपी गोळ्यांनी फुटली आणि तिचे कण त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. एक डोळा गेलाच. त्याच्यावर उपचार करणाऱ्या हॅरल्ड रिडलींनी, अशा इतरही वैमानिकांचे डोळे पाहताना, एक गोष्ट टिपली: हे कण डोळ्यात नुसते पडून राहतात, डोळा त्यांच्यावर चिडत नाही. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी पर्स्पेक्सचं भिंग माणसाच्या डोळ्यात ठेवलं. व्यवसायातल्या मोठमोठ्या मंडळींनी त्यांना वर्षानुवर्षं झोडपलं. सर ही पदवी मिळाली ती २००० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. क्लीव्हरच्या उरलेल्या डोळ्यातही म्हातारपणी असंच भिंग बसलं.

आमच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. भिंग अॅक्रिलिकचं, त्याच कुळातलं पण मऊ, घडी घालून आत सरकवायचं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी कपाटातली विमानं पाहिली. एका स्पिटफायरच्या पोटाखालचा करडा आम्ही रंगपट्टी न बघता, आठवणीवर मिसळला होता. त्यात निळा भलताच जास्त पडलेला! मोतीबिंदू निळा खातो, तो आम्ही न कळत भरून काढत होतो. डावा डोळा अजून तसाच आहे. तो मिटून बघितलं की पोट निळसर, उजवा मिटून बघितलं की अगदी बरोबर. हिने सुचवलं, पुन्हा रंगवा. आम्ही नाही रंगवलं. पण या हरिकेनचे रंग आमच्या नातीकडून पट्टीशी ताडून घेतले, हे कबूल करतो.

शेवटचा थर काल दुपारी दिलाय. रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप काढावी, नाहीतर कडेला कपचे उडतात. आणि सरळ वर ओढायची नाही, कागद स्वतःवरच दुमडत, तिरका काढायचा. दोन तुकडे आम्ही इथेच काढतो. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ यावं, फक्त पंखा तेवढा बंद करा.