तळटीप : द्राक्षगर्भ

उधन्यात राहणाऱ्या लेखिकेच्या जाऊबाईंना झालेला आजार. यात गर्भ नीट घडत नाही, वार मात्र बेसुमार वाढते आणि द्राक्षांच्या घडासारख्या पाणीदार पुटकुळ्यांनी गर्भाशय भरते. पाळी चुकते, उलट्या अनावर होतात, पोट महिन्यांच्या मानाने मोठे दिसते, मग अंगावर रक्त जाऊ लागते. कधी त्यासोबत पुटकुळ्याही पडतात. सासरच्यांनी याला बाहेरची बाधा ठरवले, म्हणून स्पष्ट लिहायला हवे : यात बाईचा काडीचाही दोष नसतो. गर्भधारणेच्या वेळीच गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते.

पिशवी साफ केल्यावरही जाऊबाई रक्त तपासायला खेपा घालत, ते अत्यंत योग्य होते. एचसीजी हे संप्रेरक उतरायचे थांबले किंवा पुन्हा चढले, तर उरलेल्या पेशींचा कर्करोग होऊन तो फुप्फुसांपर्यंत जाऊ शकतो. पूर्वी असा पसरलेला रोग बहुधा जीवच घेई. १९५६ मध्ये अमेरिकेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने तो आटोक्यात आणून दाखवला. गाठी विरल्या तरी एचसीजी पूर्ण उतरेपर्यंत औषध चालू ठेवण्याच्या आग्रहापायी लींना नोकरी गमवावी लागली. आजचा उपचार त्याच तत्त्वावर चालतो. या औषधाची एक वाट मुंबईतून जाते. लूसी विल्स १९२८ मध्ये तिथे आल्या आणि गिरणी कामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. तो धागा फोलिक आम्लापर्यंत पोचला, आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ले प्रयोगशाळेत त्या आम्लाला रोखणारी औषधे तयार झाली. — संपादक