उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर नागरी पट्टा

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील, कल्याणच्या आग्नेयीस उल्हास नदीच्या खोऱ्यात पसरलेला नागरी पट्टा. यात उल्हासनगर महानगरपालिका (लोकसंख्या ५,०६,०९८–२०११), अंबरनाथ नगरपरिषद (२,५३,४७५) व कुळगाव-बदलापूर नगरपरिषद (१,७४,२२६) या तीन स्थानिक संस्थांची क्षेत्रे येतात. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर मुंबईपासून अंबरनाथ सु. ६० किमी. व बदलापूर सु. ६८ किमी. अंतरावर आहे; उल्हासनगर हे कल्याण व अंबरनाथ यांच्या दरम्यान वसले आहे. एक छावणीतून, दुसरे कारखान्यांभोवती, तर तिसरे खेड्यांच्या समूहातून वाढले. ही गावे आज एकमेकांना भिडली असून त्यांचे पाणी, नदी व लोहमार्ग समाईक आहेत. मात्र त्यांचा कारभार वेगवेगळा आहे. समाईक भूगोल आणि विभागलेले शासन यांमधील ही विसंगती या पट्ट्याच्या अर्वाचीन इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

भूवर्णन : सह्याद्रीच्या पायथ्यापासून वसईच्या खाडीकडे उतरत जाणाऱ्या सखल प्रदेशात हा पट्टा मोडतो. दक्षिणेस माथेरानच्या रांगेचे फाटे असून मलंगगड व चंदेरी ही त्यांतील ठळक शिखरे होत. लोणावळ्याजवळ राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळवरून बदलापूरला येते व पुढे कल्याणकडे जाते. मुरबाडच्या बाजूने येणारी बारवी ही उपनदी बदलापूरच्या पुढे तिला मिळते. दुसरा लहान प्रवाह वालधुनीचा. अंबरनाथच्या दक्षिणेकडील डोंगरांत उगम पावून ती काकोळे गावाजवळून, अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराच्या कडेने व उल्हासनगरच्या मध्यातून वाहत कल्याणजवळ खाडीच्या भागात उल्हास नदीला मिळते. काकोळे येथे वालधुनी अडवून पूर्वीच्या जी. आय. पी. रेल्वेने आपल्या इंजिनांसाठी तलाव बांधला होता. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून येथे भरपूर पाऊस पडतो. त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येत असल्याने पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई ही दोन्ही संकटे एकाच वर्षात अनुभवास येतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी या दोन्ही नद्यांकाठच्या वस्त्यांचे मोठे नुकसान झाले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली व तीतील सु. एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली.

इतिहास : तिन्हींपैकी प्राचीन अवशेष अंबरनाथला आहेत. येथील भूमिज शैलीचे शिवमंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांनी बांधले. त्यातील शिलालेखात शके ९८२ (इ. स. १०६०) हा काल असून राजा मुम्मुणी (माम्वाणी) याचा उल्लेख आहे [→ शिलाहार घराणे]. बदलापूर हे घाटाखालील जुन्या मार्गावरील गाव होते. प्रवासात येथे घोडे बदलले जात, म्हणून ‘बदलापूर’ हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंतचा लोहमार्ग १८५६ मध्ये खुला झाला आणि या गावांचा मुंबईशी थेट संबंध जुळला. तथापि पुढील साठ वर्षे भातशेती हाच येथील मुख्य व्यवसाय राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर अंबरनाथला कारखानदारी आली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे गंधकाम्ल व खते यांचे उत्पादन सुरू केले. त्यानंतरच्या दशकात विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५३ मध्ये, केंद्र शासनाचा दारूगोळा कारखाना व यंत्रे-हत्यारांचा आद्यनमुना कारखाना येथे उभा राहिला. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे रासायनिक व अभियांत्रिकी उद्योगांची भर पडली. नाविक द्रव्यांचे संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळाही अंबरनाथ येथे आहे.

उल्हासनगरचा जन्म फाळणीतून झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी विस्तीर्ण संक्रमण-छावणी उभारण्यात आली होती. युद्ध संपल्यावर रिकाम्या झालेल्या तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगरीची कोनशिला बसवण्यात आली व शेजारच्या नदीवरून तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. लष्करी छावणीचे पाच विभाग कँप क्र. १ ते ५ या नावांनी आजही रूढ आहेत. पत्त्यांत बराकीचा क्रमांक घालण्याची पद्धतही टिकून आहे. निर्वासितांना त्यांच्या ताब्यातील बराकी व जागा नंतर सनदा देऊन मालकी हक्काने देण्यात आल्या. सर्वस्व गमावून आलेल्या या समाजाने किरकोळ फेरीव्यापारापासून आरंभ करून कापड, लाकडी सामान, मिठाई, विद्युत् उपकरणे आणि पुढे जीन्सची तयार वस्त्रे यांची मोठी बाजारपेठ उभारली. शहाडलगतच्या सेंच्युरी रेयॉनसारख्या मोठ्या कारखान्यानेही अनेकांना रोजगार दिला. झुलेलालाची मंदिरे व चालिहो उत्सव, सिंधी माध्यमाच्या शाळा, १९६५ मध्ये स्थापन झालेले चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय यांतून या समाजाचे सांस्कृतिक जीवन व्यक्त होते.

लोकसंख्या : तिन्ही शहरांच्या वाढीचा वेग व काळ भिन्न आहे. १९५१ च्या शिरगणतीत उल्हासनगरची लोकसंख्या सु. ८१ हजार होती; १९९१ मध्ये ती सु. ३ लक्ष ६९ हजार झाली. त्यानंतर मात्र जागाच उरली नाही. २००१ ते २०११ या दशकात तेथील वाढ ७ टक्क्यांहून कमी होती. याच काळात अंबरनाथची लोकसंख्या सु. २४ टक्क्यांनी, तर बदलापूरची सु. ७८ टक्क्यांनी वाढली. १९९१ मध्ये जेमतेम ५२ हजार वस्तीचे बदलापूर वीस वर्षांत तिपटीहून मोठे झाले. मुंबई-ठाण्यातील घरांच्या किमती न परवडणाऱ्या मध्यमवर्गीय व निम्न मध्यमवर्गीय कुटुंबांनी उपनगरी गाडीच्या भरवशावर येथे घरे घेतली. यामुळे कुळगाव, बेलवली, मांजर्ली, कात्रप, शिरगाव या खेड्यांच्या शेतजमिनींवर इमारती उभ्या राहिल्या.

घनतेतील तफावत आणखी बोलकी आहे. उल्हासनगरचे क्षेत्रफळ सु. १३ चौ. किमी., अंबरनाथचे सु. ३८ चौ. किमी. व बदलापूरचे सु. ३६ चौ. किमी. आहे. म्हणजे एकूण क्षेत्राच्या सु. १५ टक्के भागात निम्म्याहून अधिक लोक राहतात. २०११ मध्ये दर चौ. किमी. स उल्हासनगरात सु. ३८ हजार, अंबरनाथमध्ये सु. ६,७०० आणि बदलापुरात सु. ४,९०० लोक होते. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ न शकल्याने या शहरांच्या योजना दीर्घकाळ जुन्याच आकड्यांवर आधारलेल्या राहिल्या. बदलापूरसारख्या वेगाने वाढणाऱ्या शहराला याची झळ विशेष पोहोचते.

स्थानिक शासन : उल्हासनगरला १९६० मध्ये नगरपालिका व १९९६ मध्ये महानगरपालिका मिळाली. अंबरनाथ व बदलापूर यांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा कल्याण व डोंबिवली यांच्याबरोबर अंबरनाथ, बदलापूर व भोवतालची अनेक खेडी तीत समाविष्ट करण्यात आली. उल्हासनगर मात्र तिच्याबाहेर राहिले. परिणामी नव्या महानगरपालिकेचे कल्याणकडील व अंबरनाथकडील भाग यांच्या मध्ये एक स्वतंत्र नगरपालिका, अशी चमत्कारिक रचना झाली. मुख्यालय कल्याणला आणि बदलापूर तेथून सु. १४ किमी. दूर. हा प्रयोग दहा वर्षेही टिकला नाही. १९९२ मध्ये अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा करण्यात आल्या. त्यानंतर या दोन्हींची मिळून एक महानगरपालिका करावी, असा विचार वेळोवेळी पुढे आला आहे.

महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार शासननियुक्त आयुक्ताकडे असतात व महापौर हा सभागृहाचा प्रमुख असतो. नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. तेथे नगराध्यक्षाच्या जोडीला मुख्याधिकारी असतो. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. प्रत्यक्षात २०२० मध्ये मुदत संपल्यावर अंबरनाथ व बदलापूर येथे आणि २०२२ मध्ये उल्हासनगरात प्रशासक नेमण्यात आले. प्रथम करोनाची साथ व नंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरील न्यायालयीन वाद यांमुळे निवडणुका लांबल्या. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये व महानगरपालिकेची जानेवारी २०२६ मध्ये झाली. अशा प्रकारे सर्वाधिक वेगाने वाढणारे शहर पाच वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सदस्यांविना राहिले.

महसुली दृष्ट्या हा पट्टा उल्हासनगर व अंबरनाथ या दोन तालुक्यांत विभागला आहे. उल्हासनगर तालुका संपूर्ण नागरी असल्याने त्यास पंचायत समिती नाही. अंबरनाथ तालुक्यातील पंचायत समितीची सत्ता केवळ ग्रामीण भागापुरती आहे. जिल्हा परिषदेचेही तसेच आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कौंटीशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. तेथे बहुतेक राज्यांत कौंटीचे निर्वाचित मंडळ लहान नगरे व सभोवतालचा ग्रामप्रदेश या दोहोंस व्यापते आणि रस्ते, अभिलेख, सार्वजनिक आरोग्य यांसारखी काही कामे एकत्रितपणे पाहते. येथे शहर व खेडे यांना एकत्र पाहणारी लोकनियुक्त संस्था नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (स्थापना १९७५) प्रादेशिक नियोजन करते. परंतु ते शासननियुक्त प्राधिकरण आहे.

पाणी व सांडपाणी : या विभागणीचा परिणाम नद्यांवर सर्वाधिक दिसतो. औद्योगिक विकास महामंडळाने बारवी नदीवर बांधलेले धरण (१९७२) हा या परिसराचा मुख्य जलस्रोत होय. त्याचे पाणी नदीवाटे खाली आणून जांभूळ येथे शुद्ध केले जाते. उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नसल्याने महानगरपालिकेस ते महामंडळाकडून विकत घ्यावे लागते. बदलापूर व अंबरनाथ यांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण प्रामुख्याने बदलापूरच्या उल्हास नदीवरील बंधाऱ्यातून पाणी पुरवते. अंबरनाथला चिखलोलीच्या लहान धरणाचाही उपयोग होतो. वरच्या अंगाच्या शहराचे सांडपाणी खालच्या अंगाच्या शहराच्या उपशाच्या वाटेवर येते, ही येथील मूलभूत अडचण आहे. वालधुनीची स्थिती तर अधिक बिकट झाली : अंबरनाथच्या कारखान्यांचे व वस्तीचे दूषित पाणी उल्हासनगरात येते, तेथील घाण मिळून ते कल्याणकडे जाते. २०१४ च्या अखेरीस या नदीत रसायने सोडली गेल्याने निर्माण झालेल्या वायूची बाधा होऊन उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल परिसरातील नागरी व औद्योगिक संस्थांवर एकत्रितपणे मोठा दंड बसवला. नदीची जबाबदारी कोणा एका संस्थेची नाही, हे तत्त्व न्यायासनासमोर प्रस्थापित झाले. ते पार पाडणारी समाईक यंत्रणा मात्र निर्माण झाली नाही.

बांधकामे : उल्हासनगरात बराकींच्या अरुंद जागांवर वाढत्या कुटुंबांनी मजल्यांवर मजले चढवले. २००५ च्या सुमारास ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयासमोर आला. त्या पाडल्यास हजारो कुटुंबे, त्यांत पूर्वीच्या निर्वासितांचे वंशजही, पुन्हा बेघर होणार होती. म्हणून राज्य शासनाने २००६ मध्ये केवळ या शहरासाठी नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा केला. परंतु कायद्याने वैध ठरणारी इमारत बळकट होतेच असे नाही. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली, तेव्हा जुन्या बांधकामांच्या पुनर्विकासाची निकड पुन्हा प्रत्ययास आली.

कल्याण–बदलापूर लोहमार्गाच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचे काम हाती घेण्यात आले असून त्यामुळे या पट्ट्यातील वस्ती आणखी वाढणे अपरिहार्य आहे. १९८३ मधील एकत्रीकरण अंतर व विस्तार यांमुळे फसले. १९९२ नंतरच्या स्वतंत्र कारभाराने नदीचा प्रश्न सोडवला नाही. स्वतंत्र नगरसंस्था कायम ठेवून पाणी, सांडपाणी व नद्या यांपुरती लोकनियुक्त आणि उत्तरदायी अशी समाईक व्यवस्था करणे, हा या दोन अनुभवांतून निघणारा मार्ग दिसतो.