थ्रेड : गाण्याने भिंत पडते का? डेव्हिड बोवी आणि बर्लिन

१/ १० जानेवारी २०१६ रोजी ब्रिटिश रॉक गायक-गीतकार डेव्हिड बोवी यांचे निधन झाले. त्यांना निरोप देताना जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने बर्लिनची भिंत पाडण्यास हातभार लावल्याबद्दल त्यांचे आभार मानले. हे श्रेय कितपत खरे?

२/ बोवी यांचा जन्म १९४७ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात झाला. मूळ नाव डेव्हिड जोन्स. १९७२ मध्ये त्यांनी ‘झिगी स्टारडस्ट’ हे काल्पनिक पात्र रंगमंचावर आणले आणि ऐन कीर्तीच्या शिखरावर, ३ जुलै १९७३ रोजी, त्याला निवृत्तही केले. वारंवार कात टाकणे हाच त्यांचा स्वभाव.

३/ मात्र लॉस एंजेलिसच्या वास्तव्यात कोकेनने त्यांना पोखरले. त्याच काळात फॅसिझमची भलामण करणारी विधाने करून त्यांनी रोष ओढवून घेतला. पुढे त्यांनी ती नाकारली. १९७६ मध्ये आश्रयासाठी त्यांनी निवडले पश्चिम बर्लिन : फॅसिझमची किंमत मोजून दुभंगलेले शहर.

४/ तेथील हान्सा स्टुडिओ भिंतीच्या इतका निकट होता की खिडकीतून पहाऱ्याचा मनोरा दिसे. १९७७ मध्ये तेथेच ‘हीरोज’ हे गीत घडले. त्यात भिंतीच्या छायेत भेटणारे एक युगुल आहे.

५/ ६ जून १९८७. राइशस्टागसमोर, भिंतीच्या पश्चिमेस, बोवी गायले. पलीकडे पूर्व बर्लिनचे तरुण कान लावून उभे होते. त्या तीन दिवसांच्या महोत्सवात त्यांची पोलिसांशी चकमक झाली, ‘भिंत हटवा’ अशा घोषणा झाल्या, अनेकांना अटक झाली.

६/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे. भिंत कोसळली ९ नोव्हेंबर १९८९ रोजी, म्हणजे सुमारे अडीच वर्षांनी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, इतकाही हा योग जवळचा नाही. गोर्बाचेव्ह यांचे धोरण, हंगेरीने खुली केलेली सीमा आणि लाइपझिगच्या रस्त्यांवर उतरलेले हजारो नागरिक ही त्यामागची बलवत्तर कारणे. सारे श्रेय गायकाला दिले, तर त्या नागरिकांच्या धैर्यावर अन्याय होतो.

७/ मग १९८७ ची ती रात्र निरर्थक होती का? मुळीच नाही. ती भिंत पडण्याचे कारण नव्हती. ती साक्ष होती. केवळ गाणे ऐकायला जमलेल्या आपल्याच मुलांवर राज्यसत्तेला पोलीस धाडावे लागले. भिंत माणसांना अडवू शकत होती, स्वरांना नाही. आणि सत्तेला नेमकी त्याचीच धास्ती होती.