कार्बनची वीण आणि व्हिनाइलचं बेगड

आज सुरुवातीलाच दोन तुकडे सभागृहात फिरवायला दिले आहेत. दोन्ही काळे, दोन्हींवर तीच तिरपी वीण. एक खऱ्या कार्बन फायबरचा आहे. दुसरा साध्या प्लास्टिकचा आहे, त्यावर व्हिनाइलची फिल्म चिकटवली आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर, गिअरभोवती, दाराच्या आतल्या पट्टीवर आपल्याला बहुतेक वेळा दिसते ती ही दुसरी. तुकडे शेजाऱ्याकडे देत राहा, तोवर आपण थोडं मागे जाऊ.

मराठीत ‘बेगड’ हा शब्द आहे. मखराला लावतात तो चकचकीत, पातळ पापुद्रा. त्यावरूनच ‘बेगडी’ म्हणजे खोटं, असा अर्थ आला. पण मखराला बेगड लावणाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही, बरं का. तेच बेगड सोनं म्हणून विकलं, तर मात्र म्हणतात. हा फरक आज शेवटपर्यंत लक्षात ठेवायचा आहे.

मोटारीला बेगड लागलं ते आधी लाकडाचं. अमेरिकेत पूर्वी स्टेशन वॅगनच्या मागच्या भागाला खरं लाकूड असे. ते दिसायला सुंदर, पण त्याला वरचेवर वॉर्निश द्यावं लागे, आणि पाण्यानं ते खराब होई. पुढे सगळी बॉडी पोलादाची झाली. लाकडाची गरज संपली, पण लाकडाची प्रतिष्ठा संपली नव्हती. मग १९५०च्या दशकात फोर्डच्या ‘कंट्री स्क्वायर’सारख्या गाड्यांवर लाकडाच्या नक्षीची फिल्म आली. ‘डाय-नॉक’ हे तिचं गाजलेलं नाव. ही गाडी १९९१पर्यंत निघत होती, आणि शेवटपर्यंत तिच्या अंगावर लाकडाचा भास होता. पुढे थ्रीएम कंपनीनं याच ‘डाय-नॉक’ नावाखाली कार्बनच्या नक्षीची फिल्मही विकली. नाव तेच, फक्त नक्कल कशाची करायची ते बदललं.

ते का बदललं? त्यासाठी आपल्याला ओहायो राज्यात जावं लागतं. तिथल्या ॲक्रन शहरात, गुडरिच कंपनीत, १९२६ साली वाल्डो सेमन यांनी कडक, ठिसूळ पीव्हीसीला मऊ आणि लवचीक करण्याची युक्ती शोधली. आपण ज्याला व्हिनाइल म्हणतो ते हेच. त्याच राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या पार्मा इथल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत, १९५८ साली रॉजर बेकन यांना अतिशय मजबूत असे कार्बनचे तंतू मिळाले. म्हणजे नकलेचा माल आणि अस्सल माल, दोन्हींची मुळं एकाच राज्यात, ३२ वर्षांच्या अंतरानं.

कार्बन फायबर आधी विमानांच्या जगात वावरलं. शर्यतीत त्याचं नाव झालं १९८१ साली. जॉन बर्नार्ड यांनी मॅक्लारेनसाठी ‘एमपी४/१’ ही गाडी आखली. तिचा सांगाडा, म्हणजे चालक बसतो ती पेटी, कार्बन फायबरची होती आणि अमेरिकेतल्या हर्क्युलिस कंपनीत बनली होती. अपघातात ही पेटी काचेसारखी फुटेल, अशी शंका अनेकांना होती. सप्टेंबरमध्ये इटलीत मोंझा इथे जॉन वॉटसन यांची गाडी घसरून आदळली. इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन मात्र चालत बाहेर आले. त्या दिवसानंतर शंका विरत गेल्या. १९९२ साली मॅक्लारेननं अशाच सांगाड्याची रस्त्यावरची गाडी दाखवली.

आता गंमत पाहा. वॉटसनना वाचवलं ते विणीच्या नक्षीनं नव्हे. तंतू ज्या दिशेला ताणलेले असतात त्या दिशेला ताकद असते. ते राळेत भिजवून, थरावर थर देऊन, उष्णता आणि दाबाखाली पक्के करतात. नुसते एका दिशेचे तंतू लावले तर ही चौकडी दिसतही नाही. आजच्या बोइंग ७८७ विमानात वजनानं जवळपास निम्मा भाग अशा संमिश्र पदार्थांचा आहे, पण बाहेरून सगळा रंगवलेला. म्हणजे जी वीण आपण प्रतिष्ठेची खूण मानली, ती कामाच्या ओघात दिसलेली गोष्ट होती. आणि फिल्मनं नेमकी तेवढीच उचलली.

आता ते दोन तुकडे पुन्हा हातात घ्या. खऱ्या तुकड्यात वीण पारदर्शक राळेच्या खाली, खोल दिसते. फिल्मवर नखाला खरखर लागते. वक्र भागावर फिल्म गरम करून फार ताणली की चौकड्या वाकड्या होतात आणि सोंग उघडं पडतं. चांगला कारागीर म्हणूनच कमी ताणतो आणि सगळ्या भागांवर विणीची दिशा एकच ठेवतो. डॅशबोर्डवरचं पॉलिश आधी स्पिरिटनं नीट पुसतो, नाहीतर कडा महिन्याभरात सुटतात.

मग फिल्म लावूच नये का? आम्ही तसं म्हणणार नाही. ओरखडे पडलेली पट्टी झाकायला, नवी विकत घेण्याऐवजी, ती उत्तम. कंटाळा आला की काढताही येते. पण तिच्यामुळे तडा गेलेला भाग मजबूत होत नाही. आणि स्टिअरिंगच्या मधोमध किंवा डॅशबोर्डवर एअरबॅग जिथून फुटून बाहेर येते, त्या झाकणावर आणि सांध्यावर ती कधीही लावू नका. मोंझाला खऱ्या कार्बननं माणूस वाचवला. त्याच्या नकलेनं वाचवणाऱ्या वस्तूचीच वाट अडवावी, हे कसं चालेल?

मखराला बेगड शोभतं. तिजोरीत ठेवताना मात्र ते बेगड आहे हे आपल्याला ठाऊक असावं, इतकंच. आता प्रश्न घेऊ. आणि हो, ते दोन्ही तुकडे परत द्या.