तळटीप : ‘वडगावला पोटगीची केस टाकली’
तळेगाव दाभाडे मावळ तालुक्यात. म्हणून मुलांच्या पोटगीचा अर्ज लोकलने एकच स्टेशन पुढे, वडगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पुणे शहरातली आई त्याच कलमाखाली कौटुंबिक न्यायालयात जाते. तिथे निदान समुपदेशक तरी भेटतो. कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४. रकमेवरची कमाल मर्यादा २००१ मध्येच उठली.

लेखक ‘निकाल लागला’ म्हणून प्रकरण मिटवतात. खरी फरफट तिथून पुढे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने उभी राहिलेली सरकारी यंत्रणा बापाच्या पगारातून पैसे कापून आणते, त्यामुळे तिथे पोटगीसाठी या यंत्रणेकडे किती मुलांची नोंद झाली हे राज्यवार मोजता येते. आपल्याकडे अशी यंत्रणाच नाही. रक्कम थकली की वसुलीचा अर्ज आईनेच द्यायचा, तोही देय तारखेपासून वर्षाच्या आत. दरम्यान बापाने चाकणची नोकरी सोडून जिल्हा बदलला, की वॉरंट नव्या पोलीस ठाण्याच्या वाटेवर आणि आई पुढच्या तारखेच्या. थकलेल्या महिन्यामागे कैद फार तर एक महिना. मात्र ती भोगल्याने बाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. — संपा.