अक्स, तस्वीर आणि ओला फोटो

उर्दूत फोटोसाठी दोन शब्द चालतात. अक्स म्हणजे आरशात किंवा पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. तस्वीर म्हणजे घडवलेली आकृती. अल्लाहच्या नावांपैकी ‘अल-मुसव्विर’ याच धातूतून आलं आहे. मराठीने ‘छायाचित्र’ म्हणून दोन्ही एकाच शब्दात बसवले. छाया आपोआप पडते, चित्र मात्र कुणीतरी काढतं. हा भेद मी वर्गात बरीच वर्षं शिकवतो, पण तो खऱ्या अर्थाने कळला पोलरॉइड फोटोचा इतिहास वाचताना.

एडविन लँड या अमेरिकी संशोधकाने २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झटपट फोटोचं प्रात्यक्षिक दाखवलं. कॅमेऱ्यातून मिनिटाभरात तयार फोटो. पुढच्या वर्षी २६ नोव्हेंबरला बोस्टनच्या दुकानात हा कॅमेरा विक्रीला आला. पण आपल्या विषयाचा खरा कॅमेरा १९७२ चा, एसएक्स-७०. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानात आमच्या चंदगडकडे पुढे जे कॅमेरे आले ते याच घराण्यातले. एका पाकिटात दहाच फोटो, त्यामुळे कुणाचा काढायचा यावरून घरात रुसवेफुगवे. फोटो बाहेर आला की जो तो हलवायचा. त्याची काही गरज नसते, पण हलवल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे.

एसएक्स-७० चा फोटो बाहेर पडताना दोन रुळांमधून जातो. तिथे रसायनाची छोटी पिशवी फुटते आणि लगदा थरांमध्ये पसरतो. रंग हळूहळू वर सरकतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकखाली चित्र उमटतं. या फिल्ममधला थर काही तास मऊच राहायचा. वरून बोथट टोकाने दाबलं की आतला रंग सरकायचा. लुकास समारास या ग्रीसमध्ये जन्मलेल्या अमेरिकी कलावंताने १९७३ पासून स्वतःचेच फोटो असे दाबून, ओढून, चिरडून टाकले. चेहरा वितळतो, हात धुरासारखा पसरतो. ती चित्रं पाहून मला आधी किळस आली, मग मी बराच वेळ पाहत राहिलो.

दुसऱ्या जातीची एक पोलरॉइड फिल्म होती, सोलून काढायची. तिचा तयार फोटो गरम पाण्यात ठेवला की चित्राचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटतो. तो अलगद उचलून कागदावर, काचेवर, दगडावरही बसवता येतो. सुरकुत्या पडतात, त्या तशाच ठेवायच्या. किंवा फोटो वेळेआधीच सोलायचा आणि निगेटिव्ह ओल्या कागदावर दाबायची. रंग निम्मेच उतरतात, चित्र जुन्या भिंतीसारखं दिसतं.

हे नवं होतं असं मात्र समजू नका. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती. तिथल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, पहिला १८६३ मध्ये, दुसरा १८६६ मध्ये. त्यातल्या कितीतरी चित्रांत माणसं एकीकडे उभी करून टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलेला. म्हणजे ‘हे लोक असे दिसतात’ म्हणून जो पुरावा विलायतेत गेला, तोच जोडकामाचा होता. मला समारासपेक्षा जॉन्सन जास्त खटकतो. समारास आपली करामत लपवत नाही.

आपल्या गावोगावच्या स्टुडिओंनी हेच काम मायेने केलं. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे व्रण पुसले, काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरले, मृताचे मिटलेले डोळे ब्रशने उघडले, वारलेल्या बापाला मुलाच्या लग्नाच्या फोटोत आणून बसवलं.

माझी दादी जहाजाने हजला गेली तेव्हा कागदपत्रांसाठी तिचा एकुलता एक फोटो निघाला. पासपोर्ट आकाराचा, खांद्यावर कचेरीचा अर्धगोल शिक्का. ती गेल्यावर अब्बांनी तो मोठा करून रंगवून घेतला. रंगवणाऱ्याने ओढणी हिरवी केली आणि शिक्क्याची शाई ओढणीच्या काठात मिसळून टाकली. फुफी म्हणायची, अशी ओढणी अम्मीकडे कधी नव्हतीच. चाचांचा आक्षेप वेगळा होता. ज्या घरात तस्वीर असते तिथे फरिश्ते येत नाहीत, या हदीसचा हवाला देऊन ते त्या खोलीत नमाज पढत नसत. अब्बांनी वाद घातला नाही. फ्रेम उतरवून ट्रंकेत ठेवली.

या वादावर इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी एक तोड काढली होती. त्यांचं म्हणणं असं, की फोटो म्हणजे सावली धरून ठेवणं. फोटोग्राफर काही निर्माण करत नाही, आरशातलं प्रतिबिंब फक्त टिकवतो. म्हणजे अक्स, तस्वीर नव्हे. भारतातल्या अनेक उलेमांना ते पटलं नाही. पण बखीतसाहेबांचा युक्तिवाद मान्य केला तरी पुढचा प्रश्न राहतोच: सावलीवर बोट फिरलं की तिचं काय होतं? त्या हिशेबाने दादीचा शिक्क्याचा फोटो अक्स आणि हिरव्या ओढणीचा तस्वीर. चाचा आज असते तर हे त्यांच्यापुढे मांडलं असतं.

पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये झटपट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. हॉलंडमधल्या एन्स्खेडेचा कारखाना काही जुन्या कामगारांनी आणि हौशी लोकांनी वाचवला आणि २०१० मध्ये नवी फिल्म आणली. इकडे माझ्या भाच्याने मागच्या ईदला दादीचा रंगीत फोटो मोबाईलच्या कसल्याशा ॲपमध्ये घातला. दादीने मान वळवली, पापण्या मिटल्या, हसली. मुलं खूश. फुफीने मात्र चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “अम्मी असं हसत नव्हती. हे बंद कर, आणि तो छोटा फोटो दे, शिक्क्याचा.”