खान्देशातून समुद्राकडे : किनाऱ्याच्या वाटेचा थोडा इतिहास



आपण खान्देशातल्या बायका नदीकाठच्या. तापी, गिरणा, पांझरा एवढेच आपले पाणी. त्यातली तापीमाई तेवढी ७२४ किलोमीटर चालून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. आपल्या आज्या-पणज्यांना मात्र त्या समुद्राचे दर्शन झाले नाही.

१८६५ साली कसाऱ्याचा थळघाट आगगाडीला खुला झाला. पुढे १९०० साली धुळे-चाळीसगाव फाटा झाला. तेव्हापासून आपल्याकडची माणसे मुंबईला सोयीने जाऊ लागली. म्हणून खान्देशी माणसाचा समुद्र म्हणजे गिरगावची चौपाटी! आमच्या सासूबाईंनी साठी उलटल्यावर तो पाहिला आणि परत आल्यावर वर्षभर शेजारणींना सांगितला.

आता आपल्या मंडळातही गाडी ठरवून कोकणचा किनारा पाहण्याचा विषय निघतो. मग प्रश्न येतो, चांगला किनारा कोणता? याचे उत्तर किनाऱ्याच्या वाटेच्या इतिहासातच आहे, म्हणून तो थोडा सांगते.

कोकणात पूर्वी किनाऱ्याने जाणारी सलग सडक नव्हतीच. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना मोठमोठ्या खाड्या होतात. सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला. दर खाडीला होडी. मुंबईचा चाकरमानी गावी जाई तो आगबोटीने. हर्णैसारख्या बंदरात बोट दूर उभी राही आणि बायकामुले, ट्रंका, वळकट्या पडावात उतरवून किनाऱ्याला आणीत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. त्या वाटेवर धोकाही होता. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली.

मुंबई-गोवा रस्ता पनवेल, महाड, चिपळूण असा समुद्रापासून बराच आतून जातो. त्यावरून कितीही गेले तरी लाट दिसत नाही. दर किनाऱ्यासाठी फाटा फोडून उतरावे लागते आणि तसेच वर यावे लागते. बॅ. अंतुले १९८० ते १९८२ मध्ये मुख्यमंत्री होते, त्या काळात रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग करण्याचे ठरले. काही खाड्यांवर पूल झाले. काही ठिकाणी मोटारीसकट माणसांना नेणाऱ्या फेरीबोटी आल्या. दाभोळ-धोपावे ही त्यांतली पहिली, २००३ सालची.

यावरून घ्यायचे ते हे की, सगळा कोकण एका सहलीत पाहू नये. दोन खाड्यांमधला एक तुकडा निवडावा आणि तोच सावकाश पाहावा. नाहीतर चार दिवस गाडीत बसून जातात आणि वाळूत पाय जेमतेम तासभर टेकतो.

मला विचाराल तर आपल्या मंडळाने बाणकोट आणि दाभोळ या खाड्यांमधला दापोलीचा किनारा घ्यावा. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर ही गावे एकापुढे एक आहेत. हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे आणि बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. मुरूड हे महर्षी कर्व्यांचे गाव. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी जन्म वेचला, ते लहानपणी परीक्षेसाठी याच मुरुडाहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. (जंजिऱ्याचे मुरूड वेगळे, ते रायगड जिल्ह्यात. गाडीवाल्याला आधी नीट सांगावे.) आणि आपल्या अमळनेरला १९२४ पासून शिकवणारे साने गुरुजी याच तालुक्यातल्या पालगडचे. तेव्हा तो मुलूख आपल्याला परका नाही.

आता जपण्याची गोष्ट. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याच्या मुरूडला पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तरणीताठी मुले! नदीच्या पाण्याची आपल्याला ओळख असते, पण समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. ओहोटीला ते माणसाला आत ओढते.

ती वेळ काढण्याचा हिशेब आपल्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरच आहे. मुंबई-कोकणच्या बाजूला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, त्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. तेथून पुढे सहा तास ओहोटी. चतुर्थी आणि एकादशी आपल्याला कोणी सांगावी लागत नाही. तेव्हा ओहोटी कधी लागणार हेही आपण घरूनच काढून जाऊ शकतो. हा हिशेब ठोकळ आहे. पाण्यात पाय घालण्याआधी तेथल्या कोळी बांधवांना विचारावे आणि ते नको म्हणतील तर ऐकावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात तर पाण्याचा जोर फार. खाडीच्या मुखाशी कधीच उतरू नये, तेथे नदी आणि समुद्र दोघांचीही ओढ असते. लुगडे किंवा साडी भिजली की जड होऊन पायात गुंतते, हेही ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात जाऊ नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. गाड्याही गेल्या. पुढच्या वर्षी नवा पूल झाला. पण पावसातले कोकण ते कोकणच. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम.

आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायका समुद्र न पाहताच गेल्या. त्यांना वाट नव्हती, आपल्याला आहे. कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेऊ, दिनदर्शिकेत तिथी पाहू, आणि एकदा सगळ्याजणी मिळून जाऊन येऊ.